पक्षाघातोत्तर वाचाघात : रुग्णाशी संवाद कसा साधावा?

पक्षवधाच्या लक्षणांत चरकाचार्यांनी (चिकित्सास्थान, अध्याय २८) चेष्टानिवृत्तीबरोबर वाक्स्तंभही सांगितला आहे. सुश्रुताचार्यांनी निदानस्थानाच्या पहिल्या अध्यायात मूक, मिन्मिन व गद्गद हे प्रकार वर्णिले आहेत. व्यवहारात दोन अवस्थांचा भेद प्रथम करावा. जिव्हा व ओष्ठ दुर्बल झाल्याने उच्चार अस्पष्ट होणे हा उच्चारदोष. शब्दच न सुचणे वा न समजणे हा वाचाघात.

पॅरिस येथे १८६१ मध्ये पॉल ब्रोका यांनी केवळ ‘टॅन’ एवढेच उच्चारू शकणाऱ्या रुग्णाच्या मेंदूच्या डाव्या अग्रखंडातील विकृती दाखविली. अशा प्रकारात रुग्ण ‘सकाळ... गोळी... दूध’ असे तुटक बोलतो. परंतु त्यास बरेचसे समजते. १८७४ मध्ये कार्ल वर्निके यांनी वर्णिलेल्या प्रकारात बोलणे अस्खलित, पण अर्थहीन असते व आकलन बिघडते. यात हातापायांचे बल टिकून राहू शकते, म्हणून नातलग त्यास वेड समजतात. अचानक उद्भवलेले असे लक्षण उन्माद समजून चिकित्सेत काळ दवडू नये. रुग्णास तत्काळ रुग्णालयात धाडावे. गुठळी विरघळविणारे औषध सामान्यतः पहिल्या साडेचार तासांतच देता येते.

वाणी खंडित झाली तरी संवादक्षमता सर्वस्वी नष्ट होत नाही. हावभाव, स्वरातील चढउतार, अंक ओळीने मोजणे, पाठ असलेली आरती म्हणणे हे अनेकांत शाबूत राहते. मात्र आरती म्हणता आली म्हणजे वाणी परतली, असे मानू नये.

आमच्या मते खरा धोका रुग्णाच्या ‘हो’मध्ये आहे. ‘नाही’ म्हणावयाचे असता मुखातून ‘हो’ येऊ शकते. ‘छातीत दुखते का?’ याचे उत्तर ग्राह्य धरण्यापूर्वी रुग्णास मुद्दाम चुकीचे नाव सांगून ‘हेच आपले नाव ना?’ असे विचारावे. त्यासही ‘हो’ आले तर शाब्दिक उत्तरावर विसंबू नये. दुखरी जागा हाताने दाखवावयास सांगावे.

वाक्य लहान असावे, एका वेळी एकच प्रश्न विचारावा व उत्तरास पुरेसा अवधी द्यावा. मोठ्याने ओरडू नये; दोष कानांत नाही. रुग्णासमक्ष केवळ नातलगांशीच बोलू नये.

औषधी दुकानदारांनी पुडीवर सूर्य व चंद्राची चित्रे काढून मात्रेइतक्या गोळ्या रेखाटाव्यात आणि रुग्णाकडून कृतीने खात्री करून घ्यावी. गिळताना ठसका लागत असल्यास काढा वा अवलेह देऊ नये. आधी गिळण्याची तपासणी व्हावी.

औषधयोजनेबरोबर वाचोपचारतज्ज्ञांकडे लवकर पाठविणे हेही वैद्याचे कर्तव्यच होय. रुग्णाची वाणी गेली म्हणून त्याची संमती विचारण्याचे आपले दायित्व संपत नाही.