वादळात मोडलेली भाकर

(शास्त्रपाठ : प्रेषितांची कृत्ये २७:१ ते २८:१५)



या अंकातील अभ्यासासाठी प्रेषितांच्या कृत्यांचे शेवटचे दोन अध्याय घेतले आहेत. लेख पुढे वाचण्याआधी सत्ताविसावा अध्याय एकदा सलग वाचावा, अशी विनंती. आपल्यापैकी पुष्कळांनी तो रविवारच्या शाळेत ऐकलेला असतो आणि पौलाच्या हाताला डसलेला साप तेवढा लक्षात राहतो. माझे मन मात्र गेली काही वर्षे सापाच्या आधीच्या एका वचनापाशी, २७:३५ पाशी, थांबते.

प्रसंग असा. पौल कैदी आहे. युल्य नावाच्या शताधिपतीच्या ताब्यात त्याला रोमला नेले जात आहे. तारू आलेक्सांद्रियाचे, गव्हाने भरलेले. त्यावर सगळे मिळून २७६ जीव. लूक सांगतो की उपासाचा दिवस होऊन गेला होता. म्हणजे साधारण आश्विनाचे दिवस, आणि त्या समुद्रावर पुढचा प्रवास धोक्याचा. पौलाने पुढे जाऊ नका असे सांगितले. पण शताधिपतीने तांडेलाचे व तारवाच्या मालकाचे ऐकले. मग वादळ आले. चौदा रात्री ना सूर्य, ना तारे. माल टाकला, तारवाचे सामान टाकले, शेवटी वाचण्याची आशाही सोडली. (पौल मध्येच उभा राहून म्हणतो की माझे ऐकले असते तर हे नुकसान झाले नसते. हे वाक्य लूकने गाळले नाही, याचे मला नेहमी बरे वाटते. प्रेषितही माणूसच होता.)

चौदाव्या रात्री खलाशी पाण्याची खोली मोजतात : वीस वाव, थोडे पुढे पंधरा वाव. जमीन जवळ आली आहे, आणि खडकही. पहाट होण्याची वाट पाहत सगळे बसले असताना पौल भाकर घेतो, सर्वांच्या देखत देवाची उपकारस्तुती करतो, ती मोडतो आणि खाऊ लागतो. मग सगळ्यांना धीर येतो आणि तेही खातात.

वर्गात असताना आमच्यात यावर बरीच चर्चा झाली होती, की हा प्रभुभोजनाचा प्रसंग आहे का? शब्द तर तेच आहेत : घेतली, आभार मानले, मोडली. मला तसे वाटत नाही. तारवावरचे शिपाई आणि खलाशी विश्वासणारे नव्हते. यहूदी माणूस जेवताना जो आशीर्वाद म्हणतो तोच पौलाने म्हटला. फरक इतकाच, की जिथे कोणी तो म्हणणार नाही अशा जागी म्हटला.

आता विचारायचा प्रश्न हा, की पौलाने आभार कशाचे मानले? सुटका अजून झाली नव्हती. उलट तारू फुटणार, हे त्याने स्वतःच सर्वांना सांगितले होते (२७:२२). प्राण वाचतील एवढे देवाचे वचन त्याच्याजवळ होते, आणि हातात भाकर होती.

सातपुड्यातल्या पाड्यांवर काम करताना हा भेद मला फार उपयोगी पडला आहे. सिकलसेल झालेल्या मुलाच्या आईला, "देवाचे आभार मान," असे सांगणारी माणसे मी पाहिली आहेत. हेतू चांगला असतो. पण आई-बाप दोघेही वाहक असले तर प्रत्येक बाळंतपणात मूल आजारी निघण्याची शक्यता चारात एक असते. थंडी वाजली, पाणी कमी पडले, की पोराचे हातपाय ठणकतात आणि ते रात्रभर रडते. त्या आईला आजाराबद्दल आभार मानायला सांगणे मला शास्त्राला धरून वाटत नाही. पौलाने वादळाचे आभार मानले नाहीत. भाकरीचे मानले.

हे मी एका पडावावर पाहिले. दिवाळीच्या सुमारास नंदुरबार जिल्ह्यातून, अक्कलकुवा-धडगावकडच्या पाड्यांतून, शेकडो कुटुंबे ऊसतोडीला गुजरातेत जातात. नवराबायको मिळून एक कोयता. उचल आधीच घेतलेली असते, पावसाळ्यात घरात दाणा नसताना. मुले बरोबरच येतात, शाळा मागे राहते. अशाच एका पडावावर सिकलसेलच्या एका मुलाच्या फॉलिक ॲसिडच्या गोळ्या पोहोचवायला मी गेले होते. संध्याकाळी बाईने ज्वारीची भाकर माझ्या पुढ्यात ठेवली. तिच्या नवऱ्याने डोळे मिटून पावरीत प्रार्थना केली. चार वाक्यांची, मोठ्याने नाही आणि लपूनही नाही. शेजारच्या खोपटातला माणूस विडी ओढत बसला होता. त्याने विचारले, "आज काय मिळालं म्हणून आभार?" हा म्हणाला, "आज पोरगं दुखलं नाही."

एवढेच. पुढे कोणी काही बोलले नाही.

दुसऱ्या दिवशी याच माणसाने मुकादमाला ऊसाच्या खेपांची वही दाखवायला सांगितले. पडावावर असे कोणी सहसा विचारत नाही. उचल डोक्यावर असते, पुढच्या वर्षी घेणार नाहीत याची भीती असते. वही त्या दिवशी दिसली नाही, तिसऱ्या दिवशी दिसली. दोन खेपा कमी लिहिल्या होत्या, त्या भरून घेतल्या. उचल अजून फिटलेली नाही, आणि पोरगे त्यानंतर दोनदा दवाखान्यात राहून आले. पण आदल्या रात्रीची प्रार्थना आणि सकाळचा प्रश्न यांचा संबंध मला स्पष्ट दिसला. काल मिळालेले ज्याने मोजले, त्याला आज न मिळालेलेही मोजता आले.

इथे विश्वासाबद्दल एक गैरसमज दूर केला पाहिजे. देवावर भरवसा म्हणजे हात जोडून स्वस्थ बसणे, असे काही उपदेशांतून वाटते. सत्ताविसाव्या अध्यायातला पौल पाहा. खलाशी नांगर टाकण्याचे निमित्त करून होडी पाण्यात सोडतात आणि पळू पाहतात, हे त्याच्या ध्यानात येते. सगळे वाचतील असे देवदूताने सांगितलेले असूनही तो शताधिपतीला बजावतो की ही माणसे तारवात राहिली नाहीत तर तुमचा बचाव नाही. मग शिपाई होडीचे दोर कापतात. तो सर्वांना जेवायला लावतो, कारण थोड्या वेळाने पोहावे लागणार आहे. आमच्या कामाच्या भाषेत सांगायचे तर, प्रार्थना करायची आणि रक्ततपासणीही करायची, गोळ्याही वेळेवर द्यायच्या. राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान १ जुलै २०२३ ला सुरू झाले. तपासणीला नेण्यासाठी आशाताईंबरोबर पाड्यावर फिरणे हाही विश्वासाचाच भाग मी मानते.

आणखी एक गोष्ट. देवाने तुझ्यासोबतचे सर्व जण तुला दिले आहेत, असे देवदूत पौलाला सांगतो (२७:२४). म्हणजे पौलाने त्या सर्वांसाठी मागितले असले पाहिजे : ज्यांनी त्याचे ऐकले नाही त्या तांडेलासाठी, आणि पुढे कैद्यांना मारून टाकण्याचा बेत करणाऱ्या शिपायांसाठीही. पंडिता रमाबाईंचे उदाहरण इथे आठवते. दुष्काळाच्या काळात स्वतःचे आईवडील गमावलेल्या या बाईने १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून शेकडो मुली व विधवांना आणले आणि केडगावला आसरा दिला. अमेरिकेतील रमाबाई असोसिएशनने कबूल केलेली मदत दहा वर्षांची होती आणि ती मुदत संपत आली होती. शारदा सदनाचे पुढे कसे होणार हाच प्रश्न असताना त्यांनी आणखी इतकी तोंडे पदरात घेतली.

आता अठ्ठाविसावा अध्याय. तारू फुटते, सगळे भिजून, गारठून मिलिता बेटावर पोहोचतात. तिथल्या लोकांना लूक बर्बर म्हणतो. ग्रीक न बोलणाऱ्यांसाठी तेव्हा तोच शब्द होता. पाऊस आणि थंडी होती म्हणून या बर्बरांनी शेकोटी पेटवली आणि सर्वांना जवळ घेतले. लूक त्यांच्या ममतेचे वर्णन करताना ती सर्वसाधारण नव्हती असे मुद्दाम सांगतो. पौल अजून कोणाला बरे केलेले नाही, वचन सांगितलेले नाही. आधी त्याने शेकोटी घेतली आणि स्वतःही काटक्या गोळा केल्या. पुब्ल्याच्या बापाचा ताप आणि हगवण त्यानंतरची.

आपल्या वार्तापत्रांत बहुधा उलटे लिहिले जाते : आपण नेतो, ते घेतात, आणि मग त्यांनी आभार मानलेले छापायचे. मी स्वतः दर तिमाहीला देणगीदारांना आभाराची पत्रे पाठवते आणि ती मनापासून पाठवते. पण आदिवासींत नवे धान्य देवापुढे ठेवल्याशिवाय तोंडात न घालण्याची रीत आपल्या पाड्यांवर मिशन येण्याच्या कितीतरी आधीची आहे. अनुवादाच्या सव्विसाव्या अध्यायातली प्रथमफळाची टोपली त्यांना समजावून सांगावी लागत नाही. शहरातल्या मंडळीत कापणीच्या सणाला मला ती जास्त समजावून सांगावी लागते. कृतज्ञता आपण त्यांना शिकवायला निघालो आहोत, असे कोणी समजू नये.

तीन महिन्यांनी पौल पुढे निघतो. रोमची मंडळी त्याला भेटायला अप्पियाच्या पेठेपर्यंत आणि तीन उतारशाळांपर्यंत चालत येते. पेठ रोमपासून साठ किलोमीटरहून अधिक दूर होती. त्यांना पाहून पौल देवाचे आभार मानतो आणि त्याला धीर येतो (२८:१५). ज्याने २७५ जणांना धीर दिला, त्यालाही तो लागला, आणि तो चालत आलेल्या माणसांकडून मिळाला.

डिसेंबरपासून होळीपर्यंत आमच्या पडावांवरच्या फेऱ्या चालू असतात. होळीला बहुतेक जण काही दिवस गावी परततात. कोणत्याही मंडळीतून दोन-तीन जणांना यायचे असल्यास आधी कळवावे. येताना जाड पांघरुणे आणली तर सिकलसेलच्या मुलांना उपयोगी पडतील, कारण उघड्या रानातली पहाटेची थंडी त्यांना सोसत नाही. जेवणाचा डबा आणू नये. भाकर तिथे मिळते, आणि ती नको म्हटलेले तिथल्या बायांना आवडत नाही.