भागांची सनावळी : मर्यादित पैशांत खेळाचा संगणक

इतिहासाच्या शिक्षकाने विद्यालयाच्या स्मरणिकेत संगणकावर, तोही खेळाच्या संगणकावर लिहावे, याचे काही वाचकांस नवल वाटेल. कारण साधे आहे. दहावीनंतर तंत्रनिकेतनात किंवा महाविद्यालयात गेलेले आमचे विद्यार्थी सुटीत भेटावयास येतात, तेव्हा गेली काही वर्षे हा प्रश्न हटकून निघतो आणि त्यांच्या मागोमाग पालकांचेही फोन येतात. पन्नास-साठ हजार रुपये ही आपल्या घरांतून सहज उचलून देण्याची रक्कम नव्हे. ती भिशीतून, बोनसातून, कधी पतपेढीच्या कर्जातून उभी राहते. ‘आय-सेव्हन आहे, चार जीबीचे ग्राफिक्स आहे’ एवढ्या दोन वाक्यांवर ती एका दुपारी, एका दुकानात खर्ची पडते, हे आम्हांस अस्वस्थ करते. खेळासाठी एवढे पैसे घालावेत काय, हा वाद ज्या त्या घराने मिटवावा. मात्र याच यंत्रावर चित्रफितींचे संपादन, ब्लेंडरसारख्या विनामूल्य सॉफ्टवेअरवर त्रिमितीय चित्रे, प्रोग्रॅमिंग हे सारे उत्तम चालते, हे त्या वादात विसरू नये.

निरनिराळ्या कंपन्यांचे भाग आणून एक यंत्र जोडता येते, ही गोष्ट आज स्वाभाविक वाटते. ती घडण्यास एक इतिहास आहे. ऑगस्ट १९८१ मध्ये आयबीएमने आपला पर्सनल कॉम्प्युटर बाजारात आणला. वेळ थोडा असल्यामुळे तिने बरेचसे भाग बाहेरून घेतले होते. प्रोसेसर इंटेलचा, कार्यप्रणाली मायक्रोसॉफ्टची. यंत्राची तांत्रिक माहितीही तिने छापून उपलब्ध केली. तिची खास मालमत्ता म्हणजे बायोस. कॉम्पॅकने ते नक्कल न करता स्वतंत्रपणे लिहून काढले आणि १९८३ मध्ये सुसंगत यंत्रे विकावयास आरंभ केला. मग इतरांनाही ती वाट मोकळी झाली. पुढे १९९५ मध्ये इंटेलने एटीएक्स नावाचे प्रमाण मांडले. मदरबोर्डची लांबी-रुंदी किती, स्क्रूची भोके कोठे, वीज देणारी जोडणी कशी, हे त्यात ठरले. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर, म्हणजे आजच्या डॉ. दादासाहेब भडकमकर मार्गावर, एका दुकानातून मदरबोर्ड आणि शेजारच्या दुकानातून कॅबिनेट घेऊनही दोन्ही घरी नीट बसतात, ते या प्रमाणामुळे.

परंतु बसणे आणि जुळणे यांत अंतर आहे, आणि फसगत तेथेच होते. आमच्या एका माजी विद्यार्थ्याने जिल्ह्याच्या ठिकाणाहून असे यंत्र आणले होते. प्रोसेसर आय-सेव्हन, ग्राफिक्स कार्ड चार जीबीचे, पुढे रंगीत दिवे लावलेले पंखे. झाकण उघडून पाहिले तेव्हा प्रोसेसर आय-सेव्हन २६०० निघाला आणि कार्ड जीटी ७३०. आम्ही शाळेत शिकवतो की शिलालेखावर सन नसेल तर लिपीच्या वळणावरून काळ ठरवावा लागतो. प्रोसेसरच्या बाबतीत काम सोपे आहे, कारण काळ त्याच्या आकड्यातच दडलेला असतो. २६०० मधील पहिला अंक दोन, म्हणजे दुसरी पिढी, साल २०११. आय-थ्री १२१०० मधील पहिले दोन अंक बारा, म्हणजे बारावी पिढी, साल २०२२. दोघांतही कोअर चार आणि थ्रेड आठ. तरीही नावाने धाकटा असलेला आय-थ्री त्या जुन्या आय-सेव्हनला कितीतरी मागे टाकतो. आय-सेव्हन ही पदवी आहे आणि पदवी कोणत्या साली मिळाली, हे विचारल्याखेरीज तिचा अर्थ लागत नाही.

यातून नुसती गतीच कमी मिळते असे नाही. २०२१ मध्ये आलेल्या विंडोज ११ च्या अधिकृत यादीत इंटेलचे साधारणपणे आठव्या पिढीपासूनचे प्रोसेसर आहेत, आणि विंडोज १० चा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. व्हॅलोरंटसारखा लोकप्रिय खेळ विंडोज ११ वर चालवायचा तर टीपीएम २.० आणि सिक्युअर बूट या दोन सोयी यंत्रात असाव्या लागतात. ज्या खेळासाठी मुलाने हट्ट धरला, तोच खेळ नव्याने घेतलेल्या यंत्रावर उघडत नाही, असा प्रसंग यामुळे ओढवतो.

जीटी ७३० चीही सनावळी हीच. ते कार्ड २०१४ चे. त्याच्यावर चार जीबी मेमरी लावून ते विकले जाते, आणि २०१९ च्या जीटीएक्स १६५० वरही चारच जीबी असते. ग्राहकास वाटते, दोन्ही सारखी. प्रत्यक्षात जीटीएक्स १६५० मध्ये हिशेब करणारे ८९६ गाभे आहेत, तर जीटी ७३० च्या चांगल्या आवृत्तीतही ३८४. शिवाय त्याची मेमरी बहुधा संथ, जुन्या जातीची. कार्डावरील मेमरी म्हणजे गोदाम. गोदाम मोठे असून कारखान्यात माणसेच थोडी असतील, तर माल निघणार कसा?

आता कारखान्याला काम तरी किती असते, ते पाहू. फुल एचडी पडद्यावर आडवे १९२० आणि उभे १०८० असे एकूण २०,७३,६०० बिंदू असतात. खेळ डोळ्यांना सलग वाटण्यासाठी सेकंदाला ६० चित्रे काढायची, तर सेकंदाला १२ कोटी ४४ लाखांहून अधिक बिंदूंचे रंग ठरवावे लागतात, आणि एका चित्रासाठी सेकंदाचा साठावा भागच मिळतो. पडदा फोर-के असेल तर बिंदू थेट चौपट होतात. म्हणून खरेदीचा आरंभ पडद्यापासून करावा, असे आमचे मत आहे. मर्यादित पैशांत फुल एचडीच्या पुढे जाऊ नये. त्यातच १४४ हर्ट्झचा पडदा मिळाला तर उत्तम. पडद्यावर ४-के असे लिहिले आहे म्हणून खिशातले कार्ड चौपट बळकट होत नाही.

हे बिंदू रंगविण्याचे काम ग्राफिक्स कार्डाचे. वैऱ्याने कोणत्या दिशेने धावावे, चेंडू भिंतीवर आपटल्यावर कोठे जावा, हा हिशेब प्रोसेसरचा. खेळाच्या यंत्रात म्हणून सर्वांत मोठा वाटा कार्डाला द्यावा, एकूण रकमेच्या तिसऱ्या हिश्श्याहून थोडा अधिक. पडदा वगळून ६० हजार रुपये हाती असतील तर आमची वाटणी अशी असेल : कार्डाला २२ हजार, प्रोसेसरला ११, मदरबोर्डला ८, एक टीबीच्या एसएसडीला साडेपाच, रॅमला ५, एसएमपीएसला साडेचार आणि कॅबिनेटला ४. हे दुकानातले भाव नव्हेत. भाव महिन्यागणिक हलतात. घरखर्चाचे पैसे डब्यांत वेगवेगळे ठेवावेत, तशी ही वाटणी आहे. एका डब्यात हात घालण्यापूर्वी कोणत्या डब्यातून काढतो आहोत, ते कळले म्हणजे झाले. या बेतात फुल एचडीसाठी एएमडीचे आरएक्स ६६०० हे २०२१ चे कार्ड आणि रायझेन ५ ५६०० हा सहा कोअरांचा प्रोसेसर, किंवा इंटेलचा आय-फाइव्ह १२४००एफ, ही जोडी आम्हांस समतोल वाटते. इंटेलच्या नावाअखेरचे एफ अक्षर मात्र ध्यानात ठेवावे. त्या प्रोसेसरमध्ये चित्र दाखविण्याची अंगची सोय नसते. कार्ड नसेल तर पडदा काळाच राहील.

सर्वांत अधिक आग्रह आम्ही ज्या भागाबद्दल धरतो, तो कोणाला दिसत नाही. एसएमपीएस, म्हणजे भिंतीतून येणारी २३० व्होल्टची वीज यंत्रातील भागांना मानवेल अशा १२, ५ आणि ३.३ व्होल्टमध्ये बदलून देणारी पेटी. खेळाची गती तिच्यामुळे एका चित्रानेही वाढत नाही. त्यामुळे दुकानदार आणि मुलगा या दोघांनाही काटकसरीसाठी प्रथम तीच सुचते. कॅबिनेटसोबत फुकट मिळणाऱ्या पेटीवर ४५० वॅट छापलेले असते, पण ती सतत तेवढा भार उचलील याची ग्वाही छापील आकडा देत नाही. इतर भाग बिघडला तर तो एकटा जातो. ही पेटी बिघडली तर मदरबोर्ड, कार्ड, डिस्क यांनाही सोबत नेऊ शकते. आपल्याकडील गावांत दाब खाली-वर होतो, पावसाळ्यात वीज दिवसातून दहादा जाते-येते. तेथे हा धोका अधिकच. आरएक्स ६६०० सुमारे १३२ वॅट घेते, ५६०० प्रोसेसरची नेमणूक ६५ वॅटची. बाकीचे धरूनही नामांकित कंपनीची ५५० वॅटची पेटी ऐसपैस पुरते. तिच्यावर ८० प्लस ब्रॉंझ असा शिक्का पाहावा; पण हा शिक्का वीज किती वाया जाते एवढेच सांगतो, संरक्षणाच्या सोयींबद्दल काही सांगत नाही. म्हणून शिक्क्याबरोबर हमीची वर्षे पाहावीत. पाच वर्षांची हमी देणारी कंपनी आपल्या मालाविषयी काहीतरी जाणत असते.

रॅमविषयी थोडक्यात. १६ जीबी हवी असेल तर आठ-आठच्या दोन पट्ट्या घ्याव्यात, म्हणजे मेमरीचे दोन्ही मार्ग वापरात येतात. चार खाचा असलेल्या बोर्डात त्या बहुधा दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत बसतात. बोर्डाची पुस्तिका पाहावी. पट्टीवर ३२०० लिहिलेले असले तरी बायोसमध्ये एक्सएमपी सुरू केल्याशिवाय ती पुष्कळदा त्याहून संथच चालते. एसएसडीने खेळ लवकर उघडतो, चित्रांची संख्या वाढत नाही. एकेक मोठा खेळ आज शंभर जीबी जागा सहज घेतो, म्हणून ५०० जीबीत फार दिवस भागत नाही.

मदरबोर्ड निवडताना पुन्हा सनावळी. एएमडीचे बी४५० जातीचे बोर्ड २०१८ चे आणि रायझेन ५००० मालिका २०२० च्या अखेरीपासूनची. जुना साठा पडून असलेला बोर्ड नव्या प्रोसेसरला ओळखतच नाही. आधी त्याचे बायोस अद्ययावत करावे लागते. ते दुकानातच करून घ्यावे. एएम-फोर ही बैठक २०१६ पासूनची, आता उतारवयातली. २०२२ ची एएम-फाइव्ह तरुण, पण तिला डीडीआर-फाइव्ह रॅमच चालते आणि एकूण खर्च वाढतो. पाच वर्षांनी नुसता प्रोसेसर बदलण्याची उमेद असेल तर एएम-फाइव्हसाठी थांबून पैसे साठवावेत. नसेल तर एएम-फोर घेण्यात कमीपणा काही नाही.

ज्या घरी ६० हजार नाहीत, तेथे काय करावे? आमचे उत्तर आहे, टप्प्याटप्प्याने जावे. रायझेन ५ ५६००जी या प्रोसेसरच्या अंगातच बऱ्यापैकी चित्रशक्ती आहे. दोन पट्ट्यांची रॅम लावली तर व्हॅलोरंट, सीएस २ यांसारखे खेळ सेटिंग उतरवून खेळता येतात, अभ्यास तर निर्वेधच होतो. पेटी आणि कॅबिनेट मात्र पहिल्याच दिवशी चांगले घ्यावे, म्हणजे वर्षा-दीड वर्षाने कार्ड तेवढे आणून खोचता येते. त्यावेळी ५६०० घेतलेल्यापेक्षा हे यंत्र काहीसे मागे राहील, कारण ५६००जी मध्ये कॅश मेमरी ३२ एमबीच्या जागी १६ एमबीच आहे. कर्ज न काढता मिळालेल्या यंत्राला एवढी उणीव शोभून दिसते. नवे कार्ड बसविल्यावर पडद्याची केबल कार्डाच्या मागे लावावी. ती जुन्या सवयीने मदरबोर्डलाच राहते आणि कार्ड बिनकामाचे बसून असते, हे आम्ही एकाहून अधिक घरांत पाहिले आहे.

जुने कार्ड घेणे वाईट नाही, मात्र त्याचा पूर्वेतिहास पाहावा. २०२१ मध्ये क्रिप्टो चलन काढण्यासाठी जगभर कार्डांची टंचाई झाली. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियमने आपली पद्धत बदलली आणि अहोरात्र राबलेली ती कार्डे मोठ्या संख्येने विक्रीस निघाली. राबलेले कार्ड निकामीच असते असे नाही. पण पंखे आणि मेमरी झिजलेली असू शकतात. मूळ पावती, हमीची शिल्लक मुदत आणि अर्धा तास समोर खेळ चालवून दाखविणे, या तिन्हींशिवाय पैसे देऊ नयेत. नव्या मालावरही जीएसटीची पक्की पावती घ्यावी. पावतीशिवाय थोडी सूट मिळते, ती तीन वर्षांच्या हमीच्या बदल्यात मिळते.

कॅबिनेट घेताना पुढचा भाग जाळीचा पाहावा. पुढे काच लावून आत सहा रंगीत पंखे फिरविले तरी हवा येणार कोठून? विदर्भ-मराठवाड्यात मे महिन्यात खोलीच चाळीस अंशांवर असते. तेथे काचेमागचे कार्ड तापून आपोआप गती उतरविते, आणि महागडे कार्ड स्वस्ताचे काम करू लागते.

राहता राहिला यूपीएस. दुकानात मिळणाऱ्या लहान यूपीएसवर ६०० असा आकडा असतो, तो व्हीएचा. वॅट बहुधा ३६०. वर सांगितलेले यंत्र पडद्यासह खेळ चालू असताना अडीचशे ते तीनशे वॅटच्या घरात जाते. म्हणजे वीज गेल्यावर तो यूपीएस खेळ वाचवून ठेवण्यास आणि यंत्र रीतसर बंद करण्यास पुरेल, डाव पुरा करण्यास नाही. डाव पुरा करावयाचा असेल तर ११०० व्हीएचा घ्यावा, आणि दोन्ही बाबतींत घरातील थ्री-पिन सॉकेटची अर्थिंग वायरमनकडून आधी तपासून घ्यावी. त्या तपासणीस शंभर-दोनशे रुपये पडतात.