तळे, जलपर्णी आणि आपले निर्माल्य

गणेशोत्सव जवळ आला म्हणजे भोपाळातील मराठी घरांतून एक प्रश्न हमखास निघतो, आणि दरवर्षी तो तसाच राहून जातो: पूजेचे निर्माल्य कोठे सोडावयाचे? ते वाहत्या पाण्यात सोडावे, असे आपले वाडवडील सांगत आले. त्यांच्या गावाशेजारी बहुधा नदी होती. येथे मात्र आपल्या वाट्यास तळे आले आहे, आणि तळे वाहत नाही. या एका भेदाचा विचार आपण जितका करावयास हवा होता तितका केलेला नाही. यास्तव या पाठात तोच विषय घेतला आहे.

बडा तालाब, ज्यास २०११ पासून भोजताल असे अधिकृत नाव आहे, तो अकराव्या शतकात परमार राजा भोज याने कोलांस नदीस मातीचा बांध घालून निर्माण केला, अशी परंपरा आहे. त्याखालचा छोटा तालाब १७९४ साली छोटे खान यांनी बांधविला. सुमारे ३६१ चौरस किलोमीटर प्रदेशावर पडलेला पाऊस मोठ्या तळ्यात उतरतो. त्यात शेते आहेत, खेडी आहेत आणि आता वसाहतीही आहेत. या प्रदेशातून जे जे वाहून येते त्यास बाहेर पडण्यास वाट फारच थोडी आहे. भदभद्याची दारे उघडली तर काही पाणी कलियासोतेकडे जाते, परंतु पावसाळा चांगला झाला तरच ती उघडतात. एरवी आलेले सर्व तेथेच मुक्काम करते. शहराच्या मोठ्या भागास पिण्याचे पाणी याच तळ्यातून मिळते, हे वाचकांस सांगावयास नकोच.

आता जलपर्णीकडे वळू. निळसर जांभळ्या फुलांची ही वनस्पती मूळची दक्षिण अमेरिकेतील. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ती बंगालमध्ये आली, आणि तिची फुले सुंदर दिसतात म्हणूनच तिचे स्वागत झाले! तिच्या देठास हवेने फुगलेले गोळे असतात, त्यामुळे ती तरंगते. बाजूंनी धुमारे फुटून नवी रोपे होतात, आणि अनुकूल ऋतूत एका पंधरवड्याच्या सुमारास तिचा विस्तार दुप्पट होतो. बी गाळात पडले तर कित्येक वर्षे जिवंत राहते. तिचा गालिचा पसरला की खाली उजेड पोचत नाही, आणि कुजणारी पाने पाण्यातील प्राणवायू खाऊन टाकतात. तेव्हा मासे गुदमरतात आणि डासांना मात्र आश्रय मिळतो. कोल्हापूरचा रंकाळा, पुण्याचा पाषाण तलाव, नागपूरचा अंबाझरी या सर्वांनी हा अनुभव घेतला आहे.

पण ती वाढते कशावर? नत्र आणि स्फुरद हे तिचे मुख्य अन्न. ते नाल्यांच्या मैल्यातून येते, साबणाच्या पाण्यातून येते, शेतातील खतातून येते, आणि फुले, पाने, दूध, नैवेद्य यांतूनही येते. यांतील स्फुरद विशेष चिवट आहे. ते तळाच्या गाळात बसते, आणि तळाशी प्राणवायू संपला की गाळातून सुटून पुन्हा पाण्यात मिसळते. म्हणजे आज घातलेले अन्न काही वर्षांनी उगवणाऱ्या तणासही पुरते. स्वच्छ, भुकेल्या पाण्यात जलपर्णी असा थैमान घालू शकत नाही. ती दिसली की तळ्यास काय खाऊ घातले गेले आहे ते आपोआप कळते.

हे ध्यानात घेतले म्हणजे उपायांची पारख करता येते. नुसती उपटून काठावर टाकलेली जलपर्णी तेथेच कुजते, आणि पहिल्या पावसाबरोबर तिच्यातील सर्व सत्त्व परत तळ्यात जाते. तिचा भार बहुतांशी पाण्याचाच असतो, त्यामुळे वाहून नेणारे कंटाळतात, हेही खरे. परंतु ती फुलावर येण्यापूर्वी काढून पाणलोटाबाहेर नेली, तर तिने शोषलेले नत्र-स्फुरदही तिच्याबरोबर तळ्याबाहेर जाते. तिचे खत उत्तम होते. मात्र मैल्याच्या पाण्यात वाढलेल्या जलपर्णीचे खत भाजीपाल्यास घालू नये, कारण जड धातू तिच्यात साठतात. औषध फवारून तण मारणे पिण्याच्या पाण्यात आम्हांस मुळीच मान्य नाही. मेलेले तण तेथेच बुडून कुजते, हा त्यातील दुसरा दोष.

किडे सोडण्याचा मार्ग मात्र उपहासाने हसण्यासारखा नाही. जलपर्णी खाणारे सोंडकिडे भारतात १९८० नंतरच्या दशकात आणले गेले. आपल्याच प्रदेशात, बैतूल जिल्ह्यातील सारणीच्या जलाशयात साल्व्हिनिया नावाचे दुसरे परदेशी तण पसरले होते. लोक त्यास 'चायनीज झालर' म्हणत. जबलपूरच्या तणसंशोधन संस्थेने त्यावर जगणारे सोंडकिडे सोडून ते हटविले. या मार्गास धीर लागतो, एवढेच.

येथे एक सावधगिरी. पाण्यात दिसणारी प्रत्येक वनस्पती शत्रू नव्हे. तळाशी मुळे धरून वाढणारी हायड्रिला फार माजली तर नावा अडतात, हे खरे. पण तीच माशांच्या पिलांना आसरा देते, पक्ष्यांना अन्न पुरवते आणि शेवाळाच्या वाट्याचे अन्न स्वतः घेते. सर्व काही खरवडून काढले तर पाणी निर्मळ होण्याऐवजी हिरवेगार होण्याचा संभव असतो. शिवाय यंत्राने कापलेले हायड्रिलाचे तुकडे गोळा केले नाहीत तर प्रत्येक तुकड्यातून नवे रोप उगवते. उपवासाचा शिंगाडाही तळ्यातच होतो, तोही उपटावयाचा की काय?

१९९५ ते २००४ या काळात जपानच्या कर्जसाहाय्याने दोन्ही तळ्यांसाठी मोठी योजना झाली. नाले वळविले गेले, गाळ व तण काढले गेले, धोबीघाट हलविले, विसर्जनासाठी प्रेमपुरा घाट बांधला. २००२ मध्ये भोज पाणथळ क्षेत्रास रामसर यादीत स्थान मिळाले. सांडपाण्याचा भार निर्माल्याहून पुष्कळ मोठा आहे, हे आम्ही लपवीत नाही. परंतु नाला वळविणे आपल्या हाती नाही, हातातील परडी मात्र आपलीच आहे. मनुस्मृतीच्या चौथ्या अध्यायात पाण्यात मलमूत्र, थुंकी व इतर अपवित्र पदार्थ टाकण्याचा निषेध आहे. फुले अपवित्र नव्हेत, असे कोणी म्हणेल. पण कुजलेली फुले पाण्यास काय करतात, ते वर आलेच आहे. आम्हीही कित्येक वर्षे परडी तळ्यात रिती करीत आलो, आणि ते करताना मनात शंका आली नाही, हे कबूल केले पाहिजे.

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१० च्या आणि २०२० मध्ये सुधारलेल्या सूचनांत निर्माल्य विसर्जनापूर्वी वेगळे काढण्यास सांगितले आहे. यंदा आपल्या मंदिराच्या आवारात एक खड्डा करून सर्वांचे निर्माल्य तेथे एकत्र करावे, असे आम्हांस वाटते. त्यातून दोरे, पिना, थर्माकोल आणि प्लास्टिकच्या पिशव्या आधी काढाव्यात. ओल्या फुलांच्या थरावर सुक्या पानांचा थर व मूठभर माती द्यावी आणि आठवड्यातून एकदा चाळवावे. दोन-तीन महिन्यांत तयार होणारे खत आवारातील तुळशी-जास्वंदीस देता येईल. मूर्ती शाडूची असावी व घरीच बादलीत विसर्जित करावी. ती काही तासांत विरघळते, आणि उरलेली माती वाळवून पुढील वर्षी वापरता येते. प्लास्टर ऑफ पॅरिसची मूर्ती मात्र दिवसेंदिवस तशीच पडून राहते, आणि पाणी उतरल्यावर काठावर भग्न अवस्थेत सापडते.