पाचारण, नम्रता आणि खात्री

वाचनभाग : २ तीमथ्य १:८-१४

लखनौच्या हजरतगंजातील ख्राइस्ट चर्च १८६० साली उभे राहिले. लखनौचा अँग्लिकन धर्मप्रांत १८९३ साली स्थापन झाला. पुढे १९७० साली तो उत्तर भारतीय मंडळीत विलीन झाला. अँग्लिकन विधीने ज्यांना दीक्षा मिळाली, त्या प्रत्येकाला बिशपांनी मंडळीसमक्ष विचारले : तुम्हांला देवाचे पाचारण आहे काय?

वाचकहो, १६६२ च्या प्रार्थनापुस्तकातील उत्तरे लक्षपूर्वक पाहा. डीकन केवळ भरवसा व्यक्त करतो. प्रेस्बिटर आपल्याला तसे वाटते, एवढेच म्हणतो. शास्त्राविषयी प्रश्न येताच मात्र सूर पालटतो. तारणास आवश्यक ते सर्व पवित्र शास्त्रात आहे, याची आपली खात्री आहे, असे तोच प्रेस्बिटर निःसंदिग्धपणे सांगतो. भाषांतरकाराला दोन्ही ठिकाणी 'खात्री' हाच शब्द योजण्याचा मोह होतो. पण तसे केल्यास विधीतील शिकवणच हरवते. स्वतःविषयी नम्र, वचनाविषयी ठाम, असा हा क्रम आहे. पुढील वचनेही तो प्रभूच्या साहाय्याच्या आधारावरच देतो.

पौलाचेही असेच आहे. आपल्या वाचनभागातील बाराव्या वचनात 'खात्री'साठी आलेले मूळ ग्रीक क्रियापद कर्मणी आहे : ही खात्री त्याने स्वतः निर्माण केलेली नाही, ती त्याला पटवून देण्यात आली आहे. तिचा आधार पौलाचे सामर्थ्य नसून, ज्याच्यावर त्याने विश्वास ठेवला तो प्रभू आहे.

नीलकंठशास्त्री गोऱ्हे यांचे उदाहरण घ्या. या कोकणस्थ पंडिताचा बाप्तिस्मा १८४८ साली जौनपूर येथे झाला व ते नहेम्या गोऱ्हे झाले. १८६८ साली ते डीकन आणि १८७० साली प्रेस्बिटर झाले. शंकांनी त्यांना पुष्कळ छळले. तरीही त्यांनी सेवा सोडली नाही, आणि त्यांच्या लेखनाने पंडिता रमाबाईंच्या श्रद्धेला साहाय्य केले. ज्याने स्वतः शंकांशी झुंज दिली, त्याच्याकडून दुसऱ्याला धीर मिळाला.

आज आपल्यापैकी कोणी पाचारणाविषयी साशंक असेल, तर त्याने खोटी खात्री मिरवू नये. तसेच केवळ शंका आहे म्हणून मागेही फिरू नये. जो आपल्या पाचारणाची ग्वाही मोठ्या आवाजात देतो, त्याने स्वतःला विचारावे : माझी खात्री माझ्याविषयी आहे, की प्रभूविषयी? या प्रश्नाचे प्रामाणिक उत्तर प्रार्थनेत शोधणे, हीच सेवेची खरी सुरुवात होय.