शेवटचं पुस्तक गेलं कुठे?

एका पुस्तकविक्रेत्याच्या वेबसाइटवर चमत्कारिक गोष्ट घडत होती. प्रत्येक यादीतलं शेवटचं पुस्तक गायब आणि त्याच्या आधीचं मात्र दोनदा. डेटाबेसमध्ये बघावं तर सगळी पुस्तकं जागच्या जागी. प्रस्तुत लेखकाकडे हे काम दुरुस्तीला आलं, तोवर कॅशे पुसून झाली होती आणि होस्टिंगवाल्याशी भांडणही झालं होतं.

दोष होता पीएचपीतल्या एका अँपरसँडचा. यादी छापण्याआधी एका फॉरइच लूपने किमतींवर सवलत लावली होती आणि त्यासाठी अँपरसँड लावून व्हेरिएबल रेफरन्सने घेतलं होतं. लूप संपला तरी असं व्हेरिएबल संपत नाही, ते शेवटच्या पुस्तकाला चिकटून राहतं. पुढे टेम्प्लेटमधला दुसरा लूप तेच नाव वापरतो आणि दर फेरीला नकळत शेवटच्या जागेवर लिहीत सुटतो. तीन पुस्तकं असली, तर तिसऱ्या फेरीची वेळ येईपर्यंत तिसऱ्या जागी दुसरं पुस्तक येऊन बसलेलं असतं. पहिल्या लूपनंतर ‘अनसेट’ची एक ओळ टाकली की काम भागतं. पीएचपीच्या अधिकृत मॅन्युअलमध्ये ही ताकीद दिलेली आहे, पण मॅन्युअल वाचतो कोण?

हा बिघाड निदान डोळ्यांना दिसतो. पान अगदी बिनचूक दिसतं आणि मागे डेटाबेसचा जीव जात असतो, ते प्रकरण जास्त महागात पडतं.

जँगोचंच उदाहरण घ्या. अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यात, ‘लॉरेन्स जर्नल-वर्ल्ड’ या वृत्तपत्राच्या कचेरीत तयार झालेलं हे फ्रेमवर्क २००५ साली सर्वांसाठी खुलं झालं. त्याच्या टेम्प्लेटमध्ये पुस्तकाच्या नावाशेजारी लेखकाचं नाव छापायचं, तर एक टिंब देऊन ‘ऑथर’ लिहिलं की झालं. त्या टिंबामागे मात्र दर पुस्तकाला एक वेगळी क्वेरी जाते. वाण्याकडे यादी घेऊन जाण्याऐवजी दर जिन्नसाला वेगळी खेप मारावी, तसं हे. चाचणीच्या १० पुस्तकांना ११ क्वेऱ्या लागतात, त्या कुणाला जाणवत नाहीत. दुकानाची खरी ८०० पुस्तकं एका पानावर आली की त्याच ८०१ होतात. व्ह्यूमध्ये ‘सिलेक्ट रिलेटेड’ लावलं की एका क्वेरीत भागतं. एका पुस्तकाला अनेक लेखक असतील, तर ‘प्रीफेच रिलेटेड’ लावावं. डीबग टूलबारवर क्वेऱ्यांचा आकडा दिसतो. साइट चालू करण्याआधी तो बघायलाच हवा.

वर्डप्रेसमध्ये तर यादी छापणाऱ्या रचनेचं नावच ‘द लूप’. तिथे पुस्तकाच्या पानावर ‘संबंधित पुस्तकं’ दाखवणारा दुसरा लूप घातला, की ‘सध्याची पोस्ट’ बदलून बसते आणि खाली भलत्याच पुस्तकाची माहिती उमटते. दुसऱ्या लूपनंतर ‘रीसेट पोस्टडेटा’ हे फंक्शन बोलावलं की गाडी रुळावर येते.

रिकामी यादी ही आणखी एक उपेक्षित बाब. ‘बालसाहित्य’ असं ठसठशीत शीर्षक आणि खाली काहीच नाही, हे पाहून गिऱ्हाइकाला साइट बंद पडल्यासारखी वाटते. जँगोत यासाठी ‘एम्प्टी’ आहे, जिंजा या पायथनच्या टेम्प्लेट इंजिनात ‘एल्स’. पायथनच्या मुरब्बी मंडळींची फसगत होते ती इथे. पायथनमधल्या फॉर लूपचा ‘एल्स’ लूप मध्येच न तुटता पूर्ण झाला की चालतो, जिंजातला मात्र एकही फेरी झाली नाही तरच.

लूपमध्ये चेकबॉक्स असतील, तर प्रत्येकाची आयडी वेगळी हवी. नाहीतर तिसऱ्या पुस्तकाच्या नावावर क्लिक केलं की खूण पहिल्यावर उमटते. आयडीत लूपचा काउंटर घालण्यापेक्षा डेटाबेसमधला क्रमांक घालणं बरं, कारण यादी एकाने वर सरकली तरी तो बदलत नाही. अनुक्रमांकाचंही बघावं लागतं. पानावर २० पुस्तकं असली, तर दुसऱ्या पानाची सुरुवात २१ने व्हायला हवी. पण काउंटर तिथे पुन्हा १ दाखवतो. त्यासाठी जँगोच्या पेजिनेटरचा ‘स्टार्ट इंडेक्स’ घ्यावा आणि त्यात शून्यापासून मोजणारा काउंटर मिळवावा.