पाण्याचा मुदतीचा सौदा : सॅन दिएगोच्या करारांतून काय शिकावे?

रंगाई, धुलाई, चामडे कमावणे, बर्फाचा कारखाना, यांपैकी कोणताही धंदा घ्या, तेथे पाणी हा कच्चा मालच असतो. सुताचा किंवा कातड्याचा सौदा करताना आपण भाव, मुदत, वाहतूक, सगळे ठरवून घेतो. पाण्याचाही असाच सौदा होतो, तोही पंचाहत्तर वर्षांपर्यंतच्या मुदतीचा. अमेरिकेत कॅलिफोर्निया राज्याच्या दक्षिण टोकाला सॅन दिएगो जिल्हा आहे. तेथील ‘सॅन दिएगो काउंटी वॉटर अथॉरिटी’चे करार या दृष्टीने समजून घेण्यासारखे आहेत.

ही संस्था १९४४ साली स्थापन झाली. ती घरोघर नळ देत नाही. ती पाण्याची घाऊक व्यापारी आहे. बाहेरून पाणी आणायचे आणि शहरांच्या व गावांच्या पाणीसंस्थांना विकायचे, हे तिचे काम. या संस्था तिच्या सभासदही आहेत. पाऊस कमी, स्थानिक साठा तोकडा, त्यामुळे बाहेरच्या पाण्यावाचून गत्यंतर नाही. कोलोरॅडो नदीचे पाणी १९४७ साली तेथे प्रथम पोहोचले.

पुढे अनेक वर्षे पुरवठादार मात्र एकच होता : लॉस एंजेलिसची ‘मेट्रोपॉलिटन वॉटर डिस्ट्रिक्ट’. १९९० च्या सुमारास सॅन दिएगोचे जवळजवळ ९५ टक्के पाणी तिच्याकडून येत होते. १९९१ च्या दुष्काळात मेट्रोपॉलिटनने पुरवठ्यात ३१ टक्के कपात केली आणि ती तेरा महिने चालली. सॅन दिएगो हा तिचा सर्वांत मोठा गिऱ्हाईक, तरी टंचाईत त्याचा पहिला हक्क नव्हता. टंचाईत कोणाला किती पाणी मागता येईल हे मेट्रोपॉलिटनच्या कायद्याप्रमाणे सभासदाने पूर्वी उभारणीच्या खर्चात किती भर घातली यावर ठरते. पाणी खरेदीपोटी दिलेली रक्कम त्यात धरली जात नाही. वर्षानुवर्षे रोख माल घेणाऱ्या गिऱ्हाइकाला हे अडचणीच्या वेळी कळावे, यात नवल नाही. हक्क कशाने मिळतो हे त्याने आधी विचारलेलेच नसते.

मग संस्थेने दुसरा विक्रेता शोधला. वाळवंटातील इम्पीरियल खोऱ्यात शेतीला पाणी देणारी ‘इम्पीरियल इरिगेशन डिस्ट्रिक्ट’ ही सार्वजनिक संस्था आहे. कोलोरॅडो नदीवरचा तिचा हक्क फार जुना व फार मोठा. १९९८ मध्ये दोघींचा करार झाला. त्यात नदी विकली गेली नाही, वाचवलेले पाणी विकले गेले. सुरुवातीला काही शेते मोबदला देऊन पडीक ठेवून आणि पुढे सिंचनात सुधारणा करून पाणी वाचवायचे व ते सॅन दिएगोला द्यायचे. २००३ मध्ये आरंभ १० हजार एकर-फुटांनी झाला आणि २०२१ पर्यंत प्रमाण वर्षाला दोन लाख एकर-फुटांवर गेले. (एक एकरावर एक फूट उंच पाणी म्हणजे एक एकर-फूट, सुमारे १२ लाख ३३ हजार लिटर.) मुदत ४५ वर्षांची असून ती आणखी ३० वर्षे वाढवता येते. पहिला भाव एकर-फुटाला २५८ डॉलर ठरला.

सही सहज झाली नाही. डिसेंबर २००२ मध्ये इम्पीरियलच्या संचालकांनी तीन विरुद्ध दोन मतांनी करार फेटाळला. शेत पडीक राहिले की मजूर, बियाणे विकणारा, ट्रॅक्टर दुरुस्त करणारा यांचे काय, हा प्रश्न खराच होता. त्यानंतर केंद्र सरकारने कोलोरॅडोच्या पाण्याबाबत कॅलिफोर्नियावर दाब आणला आणि ऑक्टोबर २००३ मध्ये अखेर सह्या झाल्या.

आता खरी गोम पाहा. माल विकत घेतला, पण आणायचा कसा? नदीपासून किनाऱ्याकडे येणारा २४२ मैलांचा कालवा मेट्रोपॉलिटनच्या मालकीचा! ज्या पुरवठादाराच्या हातून सुटायचे, त्याचीच गाडी भाड्याने घ्यायची वेळ आली. यासाठी अदलाबदलीचा करार झाला. सॅन दिएगोने आपले पाणी हवासू सरोवरापाशी मेट्रोपॉलिटनच्या हवाली करायचे आणि मेट्रोपॉलिटनने तेवढेच पाणी आपल्या नळांतून सॅन दिएगोला, वर्षभर साधारण सारख्या मासिक हप्त्यांनी, द्यायचे. पाण्याचा थेंब तोच असण्याची गरज नाही, हिशेब तेवढा जुळला पाहिजे. हुंडीचा व्यवहार ज्यांना ठाऊक आहे त्यांना हे लगेच उमगेल.

या वाहतुकीचे भाडे आरंभी एकर-फुटाला २५३ डॉलर होते. पुढे ते मेट्रोपॉलिटन इतर सभासदांना लावील त्या कायदेशीर दराप्रमाणे आकारायचे ठरले. या ‘कायदेशीर दर’ शब्दांतच वाद लपला होता. मेट्रोपॉलिटन इतर खर्च वाहतुकीच्या माथी मारते, असे म्हणून सॅन दिएगोने २०१० साली कोर्टात दावा लावला. २०१५ चा निकाल सॅन दिएगोच्या बाजूने लागला. २०१७ मध्ये वरच्या कोर्टाने एक आकार बेकायदा ठरवला, पण मोठा खर्च योग्य मानला. तडजोड झाली ती २०२५ साली : भाडे ठरावीक व महागाईच्या प्रमाणात वाढणारे, आणि सॅन दिएगोला आपले पाणी इतर सभासदांना विकण्याची मोकळीक. भावाचे सूत्र कागदावर नीट न लिहिल्याची किंमत पंधरा वर्षांची कोर्टबाजी!

याच काळात दोन मातीच्या कालव्यांना काँक्रीटचे अस्तर लावून झिरपणारे पाणी वाचवले गेले. त्यातून वर्षाला सुमारे ८० हजार एकर-फूट पाणी ११० वर्षांसाठी सॅन दिएगोला मिळाले. पण त्याच झिरपणाऱ्या पाण्यावर सीमेपलीकडे मेक्सिकोतील मेहिकाली खोऱ्याच्या विहिरी भरत होत्या. त्या शेतकऱ्यांची सही कोणी मागितली नाही.

२०१२ मध्ये संस्थेने आणखी एक करार केला, समुद्राचे पाणी गोडे करणाऱ्या कार्ल्सबाडच्या कारखान्याशी, तीस वर्षांचा. कारखान्याने पाणी तयार ठेवले तर वर्षाला ४८ हजार एकर-फुटांचे पैसे, पाणी उचलले नाही तरी द्यायचे. कारखानाच बंद पडला तर तो धोका मालकाचा. अट वाजवी होती. मात्र लोक पाणी काटकसरीने वापरू लागले होते. १९९० च्या मानाने माणशी वापर जवळजवळ निम्म्यावर आला. देणी ठरलेली आणि विक्री घटलेली, म्हणजे दर चढणारच.

चढलेले दर ॲव्होकॅडोच्या बागायतदारांना झेपेनात. नोव्हेंबर २०२३ मध्ये फॉलब्रुक व रेनबो या दोन सभासद संस्थांच्या मतदारांनी बाहेर पडण्याचा कौल दिला आणि शेजारच्या जिल्ह्यातील स्वस्त पुरवठादार धरला. जाताना त्यांना सुमारे अडीच कोटी डॉलर भरावे लागले. करारांची उरलेली देणी मागे राहिलेल्या बावीस सभासदांवर आहेत, आणि त्यातील इम्पीरियलचा करार निदान २०४७ पर्यंत चालायचा आहे.