इंटरनेटवरील संभाषण : कांहीं शब्दांचा परिचय

गतवर्षीं आमच्या वर्गांतील एका मुलाचे वडील, जे जहाजावर नोकरीस आहेत, सिंगापूर बंदरांतून इंटरनेटवरून घरीं बोलले. "शनिवारीं निघणार नाहीं," असें त्यांनीं सांगितलें. परंतु शेवटचा शब्द वाटेंत गळाला आणि लागलीच संभाषण तुटलें. रविवारीं पहाटेपासून दुपारपर्यंत मायलेकरें स्टेशनावर वाट पाहत बसलीं. दुसऱ्या दिवशीं मुलानें आम्हांस विचारलें, "सर, बाबांचा तो शब्द गेला कोठें?" प्रश्न साधा, पण उत्तम होता. त्याचें उत्तर समजण्यास कांहीं शब्दांचा परिचय करून घेतला पाहिजे.

सर्किट : अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यांनीं १८७६ सालीं टेलिफोन सिद्ध केला. त्यानंतर जी पद्धति रूढ झाली तींत दोन माणसें बोलूं लागलीं कीं त्यांच्यामध्यें एक अखंड मार्ग राखून ठेवला जाई. तीं गप्प राहिलीं तरी तो मार्ग इतरांस मिळत नसे. ह्या राखीव मार्गास सर्किट म्हणतात.

पॅकेट : इंटरनेटवर असा राखीव मार्ग नसतो. एखादें लांबलचक पत्र आपण अनेक पोस्टकार्डांवर लिहिलें, प्रत्येकावर पत्ता व अनुक्रमांक घातला आणि तीं पेटींत टाकलीं, तर कार्डें मागेंपुढें पोहोंचतील. परंतु क्रमांक पाहून तीं जुळवितां येतील. अशा पुडक्यास पॅकेट म्हणतात. ही कल्पना १९६० नंतरच्या दशकांत अमेरिकेंत पॉल बॅरन व इंग्लंडांत डोनाल्ड डेव्हिस यांनीं स्वतंत्रपणें मांडली. पॅकेट हें नांव डेव्हिस यांचें. पत्ता वाचून पुडकें पुढें धाडणारें जें यंत्र, तें राउटर; आणि तो अंकांचा पत्ता म्हणजे आयपी पत्ता.

कोडेक : आवाजाचे अंक करणें व अंकांचा पुन्हां आवाज करणें हें कोडेकचें काम होय. टेलिफोनच्या एका प्रचलित पद्धतींत आवाजाचें माप सेकंदास ८,००० वेळां घेतात व प्रत्येक माप ८ बिटांत लिहितात. म्हणजे सेकंदास ६४,००० बिट झाले. सामान्यतः २० मिलिसेकंदांचा आवाज एका पॅकेटांत भरतात. त्यांत आवाजाचे १६० बाइट व पत्ता-क्रमांक इत्यादींचे ४० बाइट असतात. अशीं ५० पॅकेटें दर सेकंदास निघतात. म्हणजे पाकिटाच्या वजनासह सेकंदास ८०,००० बिट वाहून नेण्याइतकी वाट लागते. वाटेच्या ह्या सामर्थ्यास बँडविड्थ म्हणतात.

विलंब, जिटर व गळती : पॅकेटास पोहोंचण्यास लागणारा वेळ म्हणजे विलंब. एका दिशेनें तो १५० मिलिसेकंदांच्या आंत असावा, अशी आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाची शिफारस आहे. फार वाढला तर दोघेही एकदमच बोलूं लागतात. विलंब कमीजास्त होत राहणें म्हणजे जिटर. त्यावर उपाय म्हणून ऐकणाऱ्याचें यंत्र पॅकेटें क्षणभर सांठवून एका लयींत सोडतें. गर्दीमुळें राउटरला कांहीं पॅकेटें टाकून द्यावीं लागतात. ही गळती होय.

हरवलेलें पॅकेट पुन्हां कां मागवीत नाहींत? पत्र किंवा चित्र पाठवितांना टीसीपी नांवाचा नियम तसें मागवितो, कारण तेथें उशीर चालतो, तूट चालत नाहीं. बोलण्यांत उलट असतें. हरवलेला ध्वनि दोन शब्दांनंतर येऊन काय उपयोग? म्हणून तेथें बहुधा यूडीपी हा नियम वापरतात. तो परत मागणी करीत नाहीं. एखादें पॅकेट गेलें तर कानास कळतही नाहीं. लागोपाठ पंधरा-वीस गेलीं, तर मात्र एक शब्दच नाहींसा होतो. आमच्या विद्यार्थ्याचा "नाहीं" असाच गेला असला पाहिजे.

असें बोलणें नवें नाहीं. १९७४ मध्येंच अमेरिकेच्या अर्पानेट जाळ्यावर त्याचे प्रयोग झाले. भारतांत १ एप्रिल २००२ पासून त्यास परवानगी मिळाली. आज परदेशीं असलेल्या आप्तांचा आवाज त्यामुळेंच घरोघरीं अल्प खर्चांत येतो. परंतु पालकांनीं दोन गोष्टी ध्यानांत ठेवाव्या. जुन्या तारेच्या टेलिफोनास वीज एक्स्चेंजमधून मिळे. घरचा राउटर मात्र घरची वीज गेली कीं बंद पडतो. सबब अडचणीच्या वेळेसाठीं दुसरें साधन हाताशीं असावें. दुसरें, तारीख, रक्कम, औषधाचें प्रमाण आणि "होय-नाहीं" हीं ऐकणाऱ्यानें उलट म्हणून दाखवावीं. यंत्र हरवलेला शब्द मागवीत नाहीं. तो माणसानेंच मागविला पाहिजे. त्या घरीं आतां हाच शिरस्ता आहे, आणि पुढच्या खेपेस मायलेकरें ठरल्या दिवशींच स्टेशनावर गेलीं.

अभ्यास : (१) तीन मिनिटांच्या बोलण्यांत एका बाजूनें किती पॅकेटें निघतील? (२) वरील प्रमाणानें एका पॅकेटाचा कितवा हिस्सा पत्ता-क्रमांकांत खर्च होतो?